बार सोडल्यावर पतंग काय करतो, हे आधी पाहावे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत नुकताच काइटबोर्डिंग या खेळावर सचित्र मजकूर प्रसिद्ध झाला. पायाखाली फळी, कमरेला पट्टा आणि वर वाऱ्याने फुगलेला मोठा पतंग अशा या खेळाची ओळख, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपूरकरांना करून दिल्याबद्दल आपले मनापासून आभार. मात्र त्या मजकुरात निरनिराळ्या पतंगांची जी तुलना होती, ती उडीची उंची, वेग आणि किंमत एवढ्यावरच थांबली होती. हातातला बार, म्हणजे पतंगाच्या दोऱ्या जोडलेला आडवा दांडा, सोडून दिल्यावर कोणता पतंग काय करतो, हा प्रश्न तिथे कुठेच आला नाही. माझ्या मते तुलनेतला पहिला प्रश्न तोच असायला हवा. तो न विचारल्याने काय होते हे मी माझ्या घरात पाहिले आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझा भाचा दोन वर्षांपूर्वी रामेश्वरमजवळच्या किनाऱ्यावर काही दिवसांचे प्रशिक्षण घेऊन आला आणि परत आल्यावर त्याला स्वस्थ बसवेना. इंटरनेटवरच्या एका विक्रेत्याकडून त्याने १२ चौरस मीटरचा जुना पतंग, दोऱ्या आणि बार असा संच मागवला. माल चांगल्या स्थितीत आहे, एवढेच विक्रेत्याने कळवले होते. पतंग कोणत्या पिढीचा, त्याची सुटका यंत्रणा, म्हणजे संकटात पतंगाची ओढ तोडणारी खटकी, शेवटची कधी तपासली, याबद्दल एक अक्षर नव्हते, आणि ते विचारण्याची जाण आम्हा दोघांनाही नव्हती. जूनमधल्या एका दुपारी शहराबाहेरच्या मुरमाड माळावर, चाकांच्या फळीवर उभा राहून त्याने तो उडवला. अर्धा तास सगळे छान चालले. मग पश्चिमेला आभाळ भरून आले आणि पावसाच्या पुढे धावणारा तो गार, धुळीचा झोत आला, जो मृगाच्या दिवसांत विदर्भातल्या प्रत्येकाने अंगावर घेतलेला आहे. भाच्याने शिकवल्याप्रमाणे बार सोडला, पण पतंगाची ओढ थांबली नाही. "मामा, बार सोडला तरी ओढूनच राहिला ना हा!" एवढे शब्द मला ऐकू आले आणि पुढच्याच क्षणी तो मुरमावरून फरफटत निघाला. सुटकेची खटकी त्याने दोनदा ढकलली, ती उघडली नाही. शंभरेक पावलांवर पतंग बाभळीत अडकून फाटला, म्हणून तो थांबला. खांद्याजवळचे हाड मोडले, कोपरापासून मनगटापर्यंतची कातडी सोलून निघाली. आज तो बरा आहे.

मी आयुष्यभर यंत्र अभियांत्रिकी शिकवली. त्या दिवसानंतर हा पतंग नेमका असा का वागला, हे समजून घेतल्याशिवाय मला चैन पडेना. पुढच्या वर्षभरात जे वाचले, गोव्याच्या किनाऱ्यावर जाऊन जे पाहिले आणि वयाच्या ५८ व्या वर्षी स्वतः हार्नेस, म्हणजे तो कमरेचा पट्टा, बांधून जे थोडेफार अनुभवले, ते या शहरातल्या तरुणांपर्यंत आणि त्यांच्या आईवडिलांपर्यंत पोचावे असे वाटते.

नागपुरात पतंगाची भाषा कोणाला शिकवावी लागत नाही. जुनी शुक्रवारीतून पतंग आणून संक्रांतीच्या आदल्या रात्री कण्णी बांधत बसलेल्या कोणत्याही मुलाला ठाऊक असते की वरची दोरी जराशी आखूड केली तर पतंगाचे डोके आपल्याकडे झुकते, तो हलका उडतो आणि हाताला ओढ कमी लागते. उलट खालची दोरी आखूड केली तर तो वाऱ्याला छाती देतो आणि बोट कापेल अशी ओढ घेतो. म्हणजे पतंगाचा वाऱ्याशी असलेला कोन कण्णी ठरवते आणि ओढ त्या कोनावर ठरते. आपल्या पतंगाची कण्णी एकदा बांधली की उडता उडता बदलता येत नाही. काइटबोर्डिंगच्या पतंगात ती बदलता येते, आणि या खेळातली सगळी सुरक्षितता व बरेचसे कौशल्यही याच एका गोष्टीत आहे. पतंगाच्या पुढच्या कडेकडून येणाऱ्या दोऱ्या कमरेच्या पट्ट्याला जोडलेल्या असतात, मागच्या कडेच्या दोऱ्या बारच्या दोन टोकांना. बार स्वतःकडे ओढला की मागच्या दोऱ्या आखडतात आणि पतंग वारा धरतो. बार दूर सरकू दिला की मागची कड सैल पडते आणि वारा निसटतो. दोऱ्या साधारण २० ते २५ मीटर लांबीच्या असतात, तरी हातभर अंतरातल्या या हालचालीने वरचा सगळा कारभार बदलतो.

पण पतंगाचा कोन असा किती बदलता येतो, हे पतंगाच्या आकारावर अवलंबून आहे, आणि खरी तुलना इथून सुरू होते. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी नोव्हेंबर १९८४ मध्ये हवा भरण्याच्या नळ्या असलेल्या पतंगाचे पेटंट मागितले. पाण्यात पडलेला पतंग तरंगावा आणि तिथूनच पुन्हा उडावा, हा त्यांचा ध्यास होता. १९९७ पासून विपिका या नावाने तो विकला जाऊ लागला आणि आज आपण ज्याला काइटबोर्डिंग म्हणतो, तो खेळ त्यानंतर जगभर पसरला. हवेत असताना हा पतंग इंग्रजी सी अक्षरासारखा वाकलेला दिसतो, म्हणून त्याला सी-काइट म्हणतात. त्याच्या चारही दोऱ्या थेट चार कोपऱ्यांना बांधलेल्या असतात, कण्णी जवळजवळ नसतेच. त्यामुळे हाताची हालचाल क्षणात पतंगापर्यंत पोचते, वळण चपळ मिळते, ओढ एकसारखी राहते, आणि पट्ट्यापासून बार सोडवून हवेत कोलांट्या घेणारे कसलेले खेळाडू आजही याच आकाराला पसंती देतात. मात्र पुढच्या नळीला मध्ये कुठेच दोरीचा आधार नसल्याने, वाऱ्याचा जोर जवळजवळ संपेल इतका हा पतंग आडवा करता येत नाही. बार पूर्ण सोडला तरी बरीच ओढ शिल्लक राहते. माझ्या भाच्याच्या हातात आलेला पतंग याच जातीचा होता, आणि तोही जुना.

"बरीच ओढ" म्हणजे किती, याचा ढोबळ हिशेब मांडतो, कारण इथे अंदाज फार चुकतात. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० चौरस मीटरचा पतंग ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्यात स्थिर धरला तर सुमारे १५ किलो वजनाइतकी ओढ देईल. वारा दुप्पट, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर झाला की तीच ओढ चौपट, सुमारे ६० किलो होते. आणि तोच पतंग स्थिर न राहता वाऱ्याच्या मुख्य पट्ट्यातून वेगाने आडवा धावला, त्याला लागणारा वारा आणखी दुप्पट झाला, तर ओढ २४० किलोपर्यंत जाऊ शकते. गाडीभर गहू उचलणारा हमालही त्यापुढे उभा राहू शकणार नाही. झोत आला तेव्हा माझा भाचा ताकदीत कमी पडला असे काही नातेवाईक म्हणाले. तसे मुळीच नव्हते.

सी-काइटच्या या उणिवेवर पुढचा मोठा उपायही ब्रुनो लेगेन्यू यांनीच काढला. २००५ च्या सुमारास बाजारात आलेल्या बो-काइटमध्ये पतंग अधिक सपाट केलेला आहे, मागची कड आत वळवलेली आहे आणि पुढच्या नळीला अनेक ठिकाणी बांधलेली कण्णी आहे. नळीला आधार मिळाल्याने पतंगाचा कोन खूप कमी करता येतो, इतका की बार सोडल्यावर ओढ जवळजवळ नाहीशी होते. एकाच पतंगावर हलक्या वाऱ्यापासून बऱ्यापैकी जोराच्या वाऱ्यापर्यंत खेळता येऊ लागले आणि पाण्यात पडलेला पतंग मागची एक दोरी ओढून उठवणे सोपे झाले. सुरुवातीच्या बो-काइटमध्ये बार जड लागे, वळण संथ होते, कण्णी आणि तिच्या छोट्या कप्प्या गुंतत, आणि बार फार ओढला तर पतंग मागे गळून पडे. या तक्रारी खऱ्या होत्या. पुढे त्यावर काम झाले आणि डेल्टा व हायब्रिड या नावांनी सी-काइट आणि बो-काइट यांच्या मधल्या घडणीचे पतंग आले. नव्या माणसाला बहुतेक ठिकाणी आज यांवरच शिकवले जाते, आणि ते योग्यच आहे. मला यात सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की सुरक्षिततेसाठी केलेल्या बदलातूनच खेळाची कक्षाही रुंदावली. सुरक्षित पतंग म्हणजे मिळमिळीत पतंग, असा जो समज तरुणांमध्ये असतो, तो या इतिहासापुढे टिकत नाही.

लांबट-अरुंद पतंग आणि आखूड-रुंद पतंग हा भेदही आपल्या मजकुरात फक्त उडीच्या संदर्भात आला होता. लांबट पतंग हवेत अधिक वेळ तरंगतो, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला अधिक चांगला नेतो आणि उंच उडी देतो, हे बरोबरच आहे. पण तोच पतंग झोत आणि पडी यांच्या खेळात डोक्यावरून पुढे निघून कोसळण्याची शक्यताही अधिक असते आणि तो चालवणाऱ्याकडून सतत लक्ष मागतो. आखूड-रुंद पतंग चुका पोटात घालतो.

आता हवा भरण्याची नळी नसलेल्या, पॅराग्लायडरसारख्या कप्प्यांच्या फॉइल पतंगाविषयी. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मार्सेच्या समुद्रात हा खेळ पहिल्यांदा खेळला गेला, ऑस्ट्रियाचा व्हॅलेंटिन बोंटुस आणि ब्रिटनची एली ऑल्ड्रिज यांनी सुवर्णपदके जिंकली, आणि तिथले सगळे स्पर्धक फॉइल पतंगांवरच होते. हलक्या वाऱ्यात त्यांची बरोबरी दुसरा कोणताही पतंग करू शकत नाही. ही दृश्ये पाहून आपल्याकडच्या मुलांना तोच पतंग हवासा वाटतो. पण त्याची कण्णी बारीक दोऱ्यांच्या जाळ्यासारखी असते, ती गुंतली तर सोडवायला वेळ लागतो; वारा पडला की पतंग मिटतो आणि पुन्हा उघडताना एकदम ओढ घेऊ शकतो; पाण्यात जास्त वेळ राहिला तर कप्प्यांत पाणी शिरते. नळीचा पतंग मात्र पाण्यावर तरंगतो आणि दोऱ्या गुंडाळून त्याच्याच आधाराने किनारा गाठता येतो. उलट जमिनीवर किंवा बर्फावर फॉइल पतंगाचे फायदे अनेक आहेत, कारण दगडावर आपटून फुटेल अशी नळी त्यात नसते. म्हणून कोणता पतंग चांगला, या प्रश्नाला कुठे आणि कोणासाठी हे जोडल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

आकारानंतर सुटका यंत्रणेकडे येतो, आणि इथे थोडा रेंगाळणार आहे. आजच्या पतंगात सुटकेच्या तीन पायऱ्या असतात. बार सोडला की ओढ कमी होते, ही पहिली. कमरेजवळची खटकी पुढे ढकलली की बार दूर निघून जातो, सगळा भार पुढच्या एकाच दोरीवर येतो आणि पतंग काठीवरच्या झेंड्यासारखा फडफडत खाली बसतो, ही दुसरी. तरीही ओढ राहिली तर लीश नावाची शेवटची दोरी सोडून पतंगाशी संबंधच तोडता येतो, ही तिसरी. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने या सुटका यंत्रणेसाठी आयएसओ २१८५३ हे स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले असून त्यात सुरक्षेच्या अटी आणि चाचणीच्या पद्धती दिल्या आहेत. पतंग विकत घेणाऱ्याने रंगापूर्वी आणि किमतीपूर्वी या मानकाची चौकशी करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अपघातानंतर मी भाच्याचा जुना बार आणि गोव्याहून पाहण्यासाठी आणलेला एक नवा बार आमच्या अंगणातल्या कडुनिंबाच्या जाड फांदीला पाळीपाळीने टांगले, हार्नेस बांधून त्यांवर माझा पूर्ण भार टाकला आणि पाय जमिनीपासून उचलून खटकी ढकलून पाहिली. नवी खटकी एका हाताने, पहिल्याच प्रयत्नात उघडली आणि मी खाली ठेवलेल्या गादीवर बसलो. जुनी खटकी दोन्ही हातांनीही हलली नाही. मग पाय टेकवून भार काढला, तर ती बोटाने सहज उघडली. आत पाहिले तेव्हा प्लास्टिकची बाही उन्हाने पिवळी पडून आकसली होती, तिच्या फटीत बारीक वाळू घट्ट बसली होती आणि पिनेवर गंजाचा थर होता. बिनभाराने उघडणारी आणि भाराखाली न उघडणारी खटकी ही नसण्यापेक्षा अधिक घातक आहे, कारण माणूस तिच्यावर विसंबतो. विक्रेत्याने ती हातात धरून उघडून पाहिली असेल आणि चांगली आहे म्हणून लिहिले असेल. भाच्यानेही उडवण्यापूर्वी तसेच पाहिले होते.

काही जण म्हणतील की जुन्या पतंगाला नवा बार लावला की काम झाले. तेही पुरेसे नाही. एका दोरीवर भार आल्यावर पतंगाने झेंड्यासारखे निपचित व्हावे, हा गुण बारमध्ये जितका, तितकाच पतंगाच्या बांधणीत असावा लागतो. सगळे जुने सी-काइट त्यासाठी बनवलेले नव्हते. काही एका दोरीवरही गरगर फिरत ओढत राहतात. पुढच्या नळीच्या मध्याला जोडलेली पाचवी दोरी असलेले सी-काइट या बाबतीत बरेच सुधारलेले आहेत आणि जाणकाराच्या हातात ते उत्तम आहेत. तेव्हा पतंग, दोऱ्या आणि बार हा एकच संच मानावा, एकमेकांसाठी बनलेला असावा आणि त्याची परीक्षा एकत्रच व्हावी.

आपल्या शहरात पतंग आणि सुरक्षा हे शब्द एकत्र आले की नायलॉन मांजा आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घालूनही दर संक्रांतीला गळे कापले जातात. काइटबोर्डिंगच्या दोरीला काचेचा लेप नसतो, पण ती बारीक, अतिशय मजबूत आणि शेकडो किलोंच्या ताणाखाली असते, त्यामुळे तिच्या आड येणाऱ्याला ती तितकीच इजा करू शकते. पतंग ज्या बाजूला ओढला जाऊ शकतो, त्या बाजूला दोरीच्या लांबीच्या किमान दुप्पट जागा माणसे, वाहने आणि विजेच्या तारांपासून मोकळी हवी. शहराच्या आसपास अशी जागा शोधायला गेलो तर फारशी सापडली नाही.

वाऱ्याचाही प्रश्न आहेच. समुद्रावरचा वारा मोकळ्या पाण्यावरून एकसारखा येतो. आपल्याकडचा वारा झाडे, घरे आणि टेकड्या ओलांडत तुटत-तुटत येतो. अडथळ्याच्या मागे त्याच्या उंचीच्या कितीतरी पट अंतरापर्यंत भोवरे राहतात. रामटेकजवळच्या खिंडसी तलावावर मी संध्याकाळभर एक फडकी बांधलेली काठी घेऊन फिरलो, तेव्हा टेकडीच्या बाजूला फडके दर मिनिटाला दिशा बदलत होते. अशा वाऱ्यात लांबट, वेगवान पतंग नव्या माणसाच्या हातात देणे मला धोक्याचे वाटते. तलावांवर जलक्रीडा वाढवण्याची चर्चा अधूनमधून होते. त्यात हा खेळ कधी आला, तर भाड्याने मिळणारा प्रत्येक पतंग बार सोडताच ओढ टाकणारा असावा, त्याची खटकी दररोज सकाळी भाराखाली उघडून पाहावी आणि ढगाळ गडगडाटाच्या दिवशी पतंग पिशवीबाहेर काढूच नये, एवढ्या तीन अटी तरी परवानगीच्या कागदावर असाव्यात.

आपल्या पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिले जाईल, तेव्हा तुलनेच्या तक्त्यात उंची आणि वेगाच्या आधी एक रकाना वाढवावा: बार सोडल्यावर किती ओढ उरते आणि खटकी दाबल्यावर पतंग निपचित होतो की नाही. उत्पादक ही माहिती देतात, आणि शिकवणारा प्रत्येक चांगला प्रशिक्षक ती पाच मिनिटांत प्रत्यक्ष दाखवू शकतो.

भाचा या हिवाळ्यात पुन्हा किनाऱ्यावर जाणार आहे, या वेळी प्रशिक्षकाच्या हायब्रिड पतंगावर. जुन्या पतंगाच्या दोऱ्या मी कापून टाकल्या आहेत, म्हणजे तो पुन्हा कोणाच्या हाती लागून उडवला जाऊ नये. बार मात्र जपून ठेवला आहे. ज्या कोणाला तो नव्या बारशेजारी टांगून स्वतः भार टाकून पाहायचा असेल, त्यांनी आपल्यामार्फत कळवावे. कडुनिंबाखाली गादी अजून तशीच आहे.

आपला,
धरमपेठेतील एक वाचक,
नागपूर